रासायनी चिकित्सा, व्यक्त्यनुरूप
व्यक्त्यनुरूप रासायनी चिकित्सा : कर्करोगाच्या रुग्णास कोणते कोशिकामारक (पेशी नष्ट करणारे) औषध द्यावे, ते किती मात्रेत व किती अंतराने द्यावे आणि मुळात ते देण्याची गरज आहे काय, या गोष्टी केवळ रोगाच्या नावावरून न ठरविता त्या विशिष्ट रुग्णाच्या शरीराची व त्याच्या अर्बुदाची (कोशिकांच्या अनिर्बंध वाढीमुळे झालेल्या गाठीची) वैशिष्ट्ये पाहून ठरविण्याच्या पद्धतीस ‘व्यक्त्यनुरूप रासायनी चिकित्सा’ म्हणतात. ही वैशिष्ट्ये संख्येने फार असतात व त्यांचे परस्परसंबंध गुंतागुंतीचे असतात. त्यामुळे पूर्वीच्या हजारो रुग्णांच्या नोंदींवरून नियम शोधून काढण्यासाठी संगणकाची मदत घेतली जाते. संगणकास प्रत्येक नियम आधी सांगून न ठेवता उदाहरणांवरून तो काढावयास लावण्याच्या तंत्रास यंत्र-अध्ययन (मशीन लर्निंग) अशी संज्ञा आहे. प्रस्तुत नोंदीत या तंत्राचा रासायनी चिकित्सेतील उपयोग, त्याचे आजवरचे यश व त्याच्या मर्यादा यांची माहिती दिली आहे.

कर्करोगावरील बहुतेक जुनी औषधे विभाजन पावणाऱ्या कोशिकांवर आघात करतात. कर्ककोशिका झपाट्याने विभागतात, म्हणून त्या अधिक मरतात. पण अस्थिमज्जा (हाडांच्या पोकळीतील रक्तकोशिका तयार करणारा मऊ भाग), आतड्याचे अस्तर व केसांची मुळे यांतील निरोगी कोशिकाही वेगाने विभागत असल्याने त्यांनाही इजा होते. परिणामकारक मात्रा व विषारी मात्रा यांतील अंतर या औषधांच्या बाबतीत अत्यंत थोडे असते. मात्रा कमी पडल्यास रोग बळावतो व उरलेल्या कर्ककोशिका औषधाला दाद देईनाशा होतात. मात्रा अधिक झाल्यास श्वेतकोशिका घटून जंतुसंसर्गाने मृत्यू ओढवू शकतो. ज्या रुग्णास औषधाची गरजच नाही त्याला ते दिल्यास यातना मात्र पदरी पडतात. म्हणून ‘सर्वांना सारखे औषध’ हे सूत्र या शाखेत विशेष महाग पडते.

पार्श्वभूमी : दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील येल विद्यापीठात एल्. एस्. गुडमन व आल्फ्रेड गिलमन यांनी मस्टर्ड वायूशी संबंधित असलेल्या नायट्रोजन मस्टर्ड या संयुगाचा लसीका ग्रंथींच्या अर्बुदावर १९४२ मध्ये प्रयोग केला. युद्धकालीन गुप्ततेमुळे हे कार्य १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले. १९४८ मध्ये बॉस्टन येथील सिडनी फार्बर यांनी ॲमिनॉप्टेरीन हे फॉलिक अम्लविरोधी औषध तीव्र श्वेतकोशिकार्बुद (रक्ताचा कर्करोग) झालेल्या १६ बालकांना दिल्याचे व त्यांपैकी १० जणांत तात्पुरता उतार पडल्याचे जाहीर केले. हे औषध लेडर्ली प्रयोगशाळेत येल्लाप्रगडा सुब्बाराव या भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाले होते. फार्बर यांच्या १६ पैकी ६ बालकांत औषध का लागू पडले नाही, या प्रश्नात आजच्या व्यक्त्यनुरूप चिकित्सेचे बीज दिसते.

पुढे फ्ल्युओरोयुरॅसील, सिसप्लॅटीन, डॉक्सोरुबिसीन इ. औषधे उपलब्ध झाली व अनेक औषधांचे संयोग रूढ झाले. कोणता संयोग चांगला हे ठरविण्यासाठी रुग्णांचे यदृच्छया (चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे) दोन गट पाडून तुलना करण्याची पद्धती सर्वमान्य झाली. या पद्धतीने मिळणारे उत्तर गटाच्या सरासरीपुरते असते. शंभरांपैकी साठ रुग्णांना औषधाचा लाभ होतो हे तीवरून कळते. समोर बसलेला रुग्ण त्या साठांतील की उरलेल्या चाळिसांतील हे कळत नाही.

मात्रानिश्चितीची रूढ पद्धती : औषधाची मात्रा शरीराच्या पृष्ठफळाच्या प्रमाणात ठरविण्याची प्रथा १९५० नंतरच्या दशकात पडली. पृष्ठफळ काढण्याचे सूत्र द्यू ब्वा आडनावाच्या दोघा संशोधकांनी १९१६ मध्ये दिले होते व ते अवघ्या नऊ व्यक्तींच्या मोजमापांवर आधारलेले होते. १९८७ मध्ये सुचविलेल्या मोस्टेलर यांच्या सोप्या सूत्राप्रमाणे सेंमी.मधील उंची व किग्रॅ.मधील वजन यांच्या गुणाकारास ३,६०० ने भागून आलेल्या संख्येचे वर्गमूळ घेतल्यास पृष्ठफळ चौ. मी.मध्ये मिळते. १६० सेंमी. उंचीच्या व ६० किग्रॅ. वजनाच्या व्यक्तीचे पृष्ठफळ या रीतीने सु. १·६३ चौ. मी. येते व दर चौ. मी.ला ७५ मिग्रॅ. असे औषध द्यावयाचे असल्यास मात्रा सु. १२२ मिग्रॅ. होते. हे गणित सुटसुटीत असले, तरी औषध शरीराबाहेर टाकण्याचा वेग प्रामुख्याने यकृत, वृक्क (मूत्रपिंड) व एंझाइमे (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणारी प्रथिने) यांवर अवलंबून असतो. त्यामुळे सारख्याच पृष्ठफळाच्या दोन व्यक्तींच्या रक्तात एकाच मात्रेनंतर औषधाची पातळी कित्येक पटींनी भिन्न असू शकते.

कार्बोप्लॅटीन या औषधाच्या बाबतीत यावर उपाय सापडला. ते मुख्यतः वृक्कावाटे बाहेर पडते, हे लक्षात घेऊन ए. एच्. कॅल्व्हर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये एक सूत्र मांडले. रक्तात औषध किती प्रमाणात व किती काळ राहावे याचे अपेक्षित मूल्य घेऊन त्याला वृक्काच्या गाळण्याच्या वेगात २५ मिळवून येणाऱ्या संख्येने गुणले म्हणजे मात्रा मिग्रॅ.मध्ये मिळते. अपेक्षित मूल्य ५ असेल, तर गाळण्याचा वेग दर मिनिटास १०० मिलि. असलेल्या रुग्णास ६२५ मिग्रॅ. व ४० मिलि. असलेल्या रुग्णास ३२५ मिग्रॅ. औषध लागते. दोघांची उंची व वजन सारखे असले, तरी मात्रा जवळजवळ निम्मी होते. मात्रा व्यक्तीनुरूप ठरविण्याचे हे एक साधे व यशस्वी उदाहरण होय. त्यात विचारात घेतलेली बाब एकच आहे. अनेक बाबी एकदम विचारात घ्यावयाच्या झाल्यास हाताने मांडलेले सूत्र अपुरे पडते.

व्यक्तिभेदाची कारणे : रुग्णारुग्णांतील फरकाची कारणे दोन ठिकाणी शोधावी लागतात : एक रुग्णाच्या शरीरात व दुसरे अर्बुदात.

शरीरातील कारणांत वय, यकृत व वृक्क यांचे कार्य, पोषण, इतर रोग, बरोबरीने चालू असलेली औषधे व आनुवंशिक घटना यांचा समावेश होतो. फ्ल्युओरोयुरॅसिलाचा सु. ८० टक्के किंवा अधिक भाग डायहायड्रोपिरिमिडीन डीहायड्रोजनेज या एंझाइमामुळे निष्क्रिय होतो. या एंझाइमाचा जीन (आनुवंशिक गुणांचे एकक, जनुक) सदोष असल्यास नेहमीची मात्राही प्राणघातक ठरू शकते. म्हणून २०२० मध्ये यूरोपीय औषध संस्थेने हे औषध सुरू करण्यापूर्वी त्या एंझाइमाच्या न्यूनतेची तपासणी करण्याची शिफारस केली. बालकांच्या श्वेतकोशिकार्बुदात वापरल्या जाणाऱ्या मरकॅप्टोप्युरिनाच्या बाबतीत थायोप्युरीन मिथिलट्रान्सफरेज या एंझाइमातील आनुवंशिक भेद १९८० पासून माहीत आहे. आशियाई लोकांत मात्र एनयूडीटी-१५ नावाच्या दुसऱ्याच जीनातील भेद अधिक महत्त्वाचा असल्याचे २०१४ नंतर दिसून आले. एका खंडातील रुग्णांवरून काढलेला नियम दुसऱ्या खंडात जसाच्या तसा लावता येत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

अर्बुदातील कारणे याहून गुंतागुंतीची आहेत. एकाच इंद्रियातील, सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसणाऱ्या दोन अर्बुदांत वेगवेगळ्या जीनांत उत्परिवर्तने (आकस्मिक बदल) झालेली असतात. शिवाय एकाच अर्बुदातही भिन्न गुणांच्या कोशिकांचे वंश नांदत असतात व त्यांपैकी एखादा औषधाला न जुमानता टिकून राहतो. मानवी कोशिकेत प्रथिननिर्मितीच्या सूचना देणारे सु. २०,००० जीन आहेत. त्यांपैकी कोणते कितपत कार्यरत आहेत, हे एकाच वेळी मोजण्याची साधने १९९० नंतरच्या दशकात हाती आली आणि माणसाच्या बुद्धीला एका दृष्टिक्षेपात पेलणार नाही इतकी माहिती एकेका रुग्णाविषयी जमू लागली. यंत्र-अध्ययनाची गरज येथे निर्माण झाली.

यंत्र-अध्ययनाचे स्वरूप : ‘मशीन लर्निंग’ ही संज्ञा आर्थर सॅम्युएल या अमेरिकन संगणकतज्ञांनी १९५९ मध्ये रूढ केली. संगणकास पुष्कळ उदाहरणे देण्यात येतात. प्रत्येक उदाहरणात एका रुग्णाची वैशिष्ट्ये व त्याच्या चिकित्सेचा प्रत्यक्ष परिणाम यांची नोंद असते. संगणक वैशिष्ट्यांना निरनिराळे भार (महत्त्वदर्शक गुणांक) देऊन परिणामाचा अंदाज बांधतो, तो प्रत्यक्षाशी ताडून पाहतो व चूक कमी होईल अशा रीतीने भार बदलत जातो. चूक पुरेशी कमी झाली म्हणजे भार कायम करण्यात येतात व नव्या रुग्णाबद्दलचे अनुमान त्यांवरून काढले जाते.

यासाठी अनेक रीती प्रचारात आहेत. समाश्रयण (एका राशीवरून दुसरीचा अंदाज बांधण्याची सांख्यिकीय रीत) ही सर्वांत जुनी होय. निर्णयवृक्षात ‘वय साठाहून अधिक आहे काय?’ अशा होय-नाही प्रश्नांची मालिका असते. अशा शेकडो वृक्षांचे मत घेण्याची ‘यदृच्छ वन’ ही रीत लिओ ब्रायमन यांनी २००१ मध्ये मांडली. आधार सदिश यंत्र या रीतीत दोन वर्गांमधून जास्तीत जास्त रुंद पट्टा सोडून जाणारी सीमारेषा शोधली जाते. मज्जाकोशिकांच्या जाळ्याच्या कल्पनेवरून रचलेली बहुस्तरी जालके ऊतकांची (समान कोशिकांच्या समूहांची) छायाचित्रे वाचण्यास विशेष उपयोगी पडतात. कोणतीही रीत घेतली, तरी ज्या रुग्णांवरून नियम काढला त्यांच्यावरच तो पारखणे निरर्थक असते. परीक्षा नेहमी वेगळ्या रुग्णांवर घ्यावी लागते.

या नियमाचे महत्त्व एका उदाहरणावरून कळते. रुग्ण १०० व मोजलेले जीन २०,००० असतील आणि वीसांत एक इतका योगायोग चालवून घेतला, तर औषधाच्या परिणामाशी ज्यांचा काडीचाही संबंध नाही असे सु. १,००० जीन केवळ योगायोगाने संबंधित भासतील. त्यांवर उभारलेले सूत्र जुन्या शंभर रुग्णांचे भवितव्य बिनचूक सांगेल व एकशे एकाव्या रुग्णाच्या बाबतीत फसेल. विद्यार्थ्याने विषय न समजता उत्तरे पाठ करावीत, तसा हा प्रकार असून त्यास अतिजुळणी म्हणतात.

उपयोग : (१) रोगाचे वर्गीकरण : १९९९ मध्ये टॉड गोलब व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र श्वेतकोशिकार्बुदाचे दोन प्रकार जीनांच्या कार्यावरून ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली. या दोन प्रकारांची औषधे भिन्न असल्याने ही ओळख महत्त्वाची असते. ३८ रुग्णांच्या नमुन्यांवरून ५० जीन निवडण्यात आले व ३४ नव्या नमुन्यांवर रीत पारखण्यात आली. त्यांपैकी २९ नमुन्यांबद्दल निश्चित अनुमान निघाले व ते सर्व बरोबर ठरले. उरलेल्या पाचांबद्दल अनुमान अनिश्चित म्हणून बाजूस ठेवण्यात आले. ‘सांगता येत नाही’ असे उत्तर देण्याची ही सोय चिकित्सेच्या क्षेत्रात फार मोलाची असते.

(२) चिकित्सेची आवश्यकता ठरविणे : या क्षेत्रातील सर्वांत भक्कम यश स्तनाच्या कर्करोगात मिळाले आहे. शस्त्रक्रियेनंतर रोग उलटू नये म्हणून पुष्कळ स्त्रियांना रासायनी चिकित्सा दिली जात असे. परंतु हॉर्मोनास प्रतिसाद देणाऱ्या व काखेतील लसीका ग्रंथींत न पसरलेल्या रोगात त्यांतील बहुसंख्य स्त्रिया तिच्यावाचूनही निरोगी राहिल्या असत्या. २००२ मध्ये नेदर्लंड्समधील संशोधकांनी ७० जीनांची व २००४ मध्ये अमेरिकन संशोधकांनी २१ जीनांची कसोटी प्रसिद्ध केली. दुसऱ्या कसोटीत ० ते १०० यांदरम्यान गुण मिळतात व गुण जितके अधिक तितका रोग उलटण्याचा धोका अधिक असतो.

‘टेलर-एक्स’ या चाचणीत १०,२७३ स्त्रियांनी भाग घेतला. ११ ते २५ गुणांच्या ६,७०० हून अधिक स्त्रियांचे यदृच्छया दोन गट करून एका गटास केवळ हॉर्मोनविरोधी औषध व दुसऱ्यास त्याच्या जोडीला रासायनी चिकित्सा देण्यात आली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार नऊ वर्षांनंतर रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ८३·३ व ८४·३ टक्के होते, म्हणजे दोन्ही गट जवळजवळ सारखेच ठरले. पन्नाशीच्या आतील व १६ ते २५ गुणांच्या स्त्रियांना मात्र रासायनी चिकित्सेचा काही लाभ झाल्याचे दिसले. ७० जीनांच्या कसोटीची ‘माइंडॅक्ट’ ही चाचणी यूरोपात ६,६९३ स्त्रियांवर झाली. रूढ लक्षणांवरून धोका मोठा, पण जीनांवरून लहान, अशा ज्या स्त्रियांना रासायनी चिकित्सा दिली नाही, त्यांच्यापैकी सु. ९५ टक्के पाच वर्षांनंतर दूरच्या इंद्रियांत रोग न पसरता राहिल्या. या दोन्ही कसोट्यांची गणिते आजच्या मानाने साधी आहेत. त्यांचे बळ गणिताच्या चातुर्यात नसून हजारो स्त्रियांवर घेतलेल्या कठोर परीक्षेत आहे.

(३) औषधाची निवड : प्रयोगशाळेत वाढविलेल्या कर्ककोशिकांच्या वंशांवर अनेक औषधे वापरून त्यांच्या प्रतिसादांचे मोठे संग्रह करण्यात आले असून त्यांपैकी दोन प्रमुख संग्रह २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका खुल्या स्पर्धेत स्तनाच्या कर्करोगाचे ५३ कोशिकावंश व २८ औषधे यांच्या आधारे ४४ संगणकीय रीतींची तुलना करण्यात आली. जीनांच्या कार्याची मापने सर्वांत उपयुक्त ठरली, पण सर्वोत्तम रीतीचे अनुमानही मर्यादितच अचूक होते. काचपात्रातील कोशिकांना रक्तपुरवठा, प्रतिकारशक्ती व यकृत नसते. म्हणून तेथे यशस्वी ठरलेले सूत्र रुग्णाच्या बाबतीत यशस्वी होईलच असे नाही.

(४) मात्रेचे नियमन : सिंगापूर येथे विकसित झालेल्या एका पद्धतीत इतर रुग्णांच्या नोंदींऐवजी त्याच रुग्णास वेळोवेळी दिलेल्या मात्रा व रक्तातील अर्बुददर्शक द्रव्याची त्या त्या वेळची पातळी यांवरून एक वक्र काढला जातो व पुढील मात्रा त्यावरून सुचविली जाते. ही पद्धती अद्याप लहान चाचण्यांच्या अवस्थेत आहे.

(५) धोक्याची पूर्वसूचना : औषधाच्या विषारी परिणामामुळे रुग्णास तातडीने रुग्णालयात आणावे लागेल काय, याचा अंदाज वय, रक्ततपासण्या, वजनातील घट इ. नोंदींवरून करता येतो. प्रारण चिकित्सा किंवा तिच्या जोडीला रासायनी चिकित्सा घेणाऱ्या रुग्णांवर अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात २०१९ मध्ये एक चाचणी झाली. ९६३ चिकित्साक्रमांतून संगणकाने मोठ्या धोक्याचे ३११ निवडले. त्यांपैकी यदृच्छया निवडलेल्या निम्म्या रुग्णांची आठवड्यातून एकदाऐवजी दोनदा तपासणी करण्यात आली. त्यामुळे तातडीने रुग्णालयात यावे लागण्याचे प्रमाण २२·३ टक्क्यांवरून १२·३ टक्क्यांवर आले. येथे संगणकाने औषध बदलले नाही; वैद्यांचे लक्ष कोठे अधिक हवे, एवढेच सांगितले.

एक प्रमाद व त्याचा बोध : याच विद्यापीठात त्यापूर्वी घडलेले एक प्रकरण या शाखेच्या इतिहासात धडा म्हणून सांगितले जाते. कोशिकावंशांवरील प्रयोगांवरून प्रत्येक रुग्णास योग्य औषध निवडता येते, असा दावा करणारा लेख तेथील संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केला. ह्यूस्टन येथील कीथ बॅगर्ली व केव्हिन कूम्ब्ज या संख्याशास्त्रज्ञांनी तीच आकडेमोड पुन्हा करण्याचा प्रयत्न केला, तेव्हा जीनांची यादी एका ओळीने सरकलेली असल्याचे व काही ठिकाणी औषधाला दाद देणाऱ्या आणि न देणाऱ्या कोशिकांच्या खुणांची अदलाबदल झाल्याचे त्यांस आढळले. खुणा उलट झाल्यास जे औषध निरुपयोगी तेच सूत्र सुचविते. असे असूनही २००७ पासून त्या सूत्रांच्या आधारे फुप्फुस व स्तन यांच्या कर्करोगाच्या रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या होत्या. संख्याशास्त्रज्ञांचे आक्षेप २००९ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर त्या थांबविण्यात आल्या, पुन्हा सुरू करण्यात आल्या व २०१० मध्ये कायमच्या बंद झाल्या. मूळ लेख २०११ मध्ये मागे घेण्यात आला आणि आधारसामग्रीत खोटेपणा झाल्याचा निर्णय अमेरिकी शासनाच्या संबंधित कार्यालयाने २०१५ मध्ये दिला.

या प्रकरणानंतर अमेरिकेच्या वैद्यक संस्थेने २०१२ मध्ये काही दंडक सुचविले : आधारसामग्री व संगणकाच्या सूचनावली इतरांस पडताळणीसाठी उपलब्ध असाव्यात, रुग्णांवर वापर करण्यापूर्वी सूत्र कायम करून त्यात फेरफार करू नये आणि पूर्णपणे स्वतंत्र नमुन्यांवर त्याची परीक्षा व्हावी. चूक शोधण्यास विशेष प्रतिभा लागली नाही. कोणीतरी आकडे पुन्हा मांडून पाहण्याची गरज होती. तोवर मात्र रुग्णांना त्या सूत्राच्या भरवशावर औषधे दिली जात होती.

मर्यादा : (१) कार्यकारणाचा घोटाळा : जुन्या नोंदींत कमी मात्रा मिळालेले रुग्ण अधिक संख्येने दगावलेले दिसतात, पण त्यांना कमी मात्रा दिली गेली ती ते मुळातच अशक्त होते म्हणून. हे न ओळखणारे यंत्र अशक्त रुग्णास मात्रा वाढविण्याचा सल्ला देईल. नोंदींवरून काय घडले ते कळते. वेगळे औषध दिले असते तर काय घडले असते, हे यदृच्छया गट पाडून केलेल्या चाचणीशिवाय खात्रीने सांगता येत नाही. (२) अचूकतेचा फसवा आकडा : शंभरांपैकी पाच रुग्णांना गंभीर विषबाधा होत असेल, तर ‘कोणालाही होणार नाही’ असे सांगणारे यंत्र ९५ टक्के अचूक ठरते, मात्र ज्या पाचांसाठी ते हवे होते त्यांना त्याचा उपयोग शून्य. (३) अपारदर्शकता : बहुस्तरी जालकांनी दिलेल्या उत्तरामागील कारण पुष्कळदा सांगता येत नाही, म्हणून चूक झाल्यास ती लक्षात येणे अवघड जाते. (४) सहमती व सत्य : २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात बंगलोर येथील तज्ञमंडळाचे व ‘वॉटसन’ या संगणक प्रणालीचे मत स्तनाच्या कर्करोगाच्या ६३८ रुग्णांपैकी ९३ टक्क्यांच्या बाबतीत जुळले. मत जुळणे म्हणजे रुग्णास गुण येणे नव्हे. ही प्रणाली पुढे बाजारात टिकली नाही व तिच्या निर्मात्या कंपनीने २०२२ मध्ये या शाखेची मालमत्ता विकून टाकली.

भारतातील परिस्थिती : भारतात २०२२ मध्ये कर्करोगाचे सु. १४ लक्ष नवे रुग्ण झाल्याचा अंदाज आहे. देशातील पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदवही मुंबईत १९६३ मध्ये सुरू झाली व १९४१ पासून कार्य करणाऱ्या टाटा स्मारक रुग्णालयात रुग्णांच्या नोंदींचा मोठा संचय आहे. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जालामुळे निरनिराळ्या रुग्णालयांतील उपचारांत एकसूत्रता आणण्याचे प्रयत्न होत आहेत. यंत्र-अध्ययनास अशा एकसारख्या पद्धतीने ठेवलेल्या नोंदींची नितांत गरज असते.

परदेशी जीन-कसोट्या येथील बहुसंख्य कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहेत. बंगलोर येथे विकसित केलेल्या एका कसोटीत म्हणून वेगळा मार्ग अवलंबिला आहे. तीत जीनांऐवजी अर्बुदाच्या कापातील पाच प्रथिने विकृतिविज्ञानाच्या प्रयोगशाळेत रूढ असलेल्या रंजनपद्धतीने मोजतात व त्यांच्या जोडीला गाठीचा आकार, श्रेणी व लसीका ग्रंथींतील प्रसार या बाबी घेऊन आधार सदिश यंत्राच्या साहाय्याने धोक्याचे गुण काढतात. भारतीय रुग्णांच्या ऊतकांवर घडविलेली ही कसोटी या दृष्टीने महत्त्वाची आहे. कारण जगातील कर्करोगविषयक आनुवंशिक संग्रहांत यूरोपीय वंशाच्या लोकांचे प्राबल्य असून त्यांवरून काढलेले नियम इतरांना लावताना चूक होण्याचा संभव असतो. १०,००० भारतीयांच्या आनुवंशिक घटनेची नोंद करण्याचा २०२० मध्ये सुरू झालेला प्रकल्प ही उणीव काही अंशी भरून काढण्यास उपयोगी पडेल.

नीतीचे प्रश्नही उपस्थित झाले आहेत. नोंदी कोणाच्या मालकीच्या, त्या वापरण्यास रुग्णाची संमती कशी घ्यावी व यंत्राच्या सल्ल्याने अपाय झाल्यास उत्तरदायी कोण, यांविषयी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार अंतिम निर्णय माणसाच्या देखरेखीखालीच व्हावा असे अपेक्षित आहे. त्याच वर्षी वैयक्तिक अंकीय माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम संसदेने संमत केला.

आजवरचा अनुभव पाहता यंत्र-अध्ययनाने रासायनी चिकित्सेत दिलेली सर्वांत मोठी देणगी नवे औषध ही नसून अनावश्यक औषध टाळण्याचा भरवसा ही आहे. कोणते औषध कोणास लागू पडेल, या फार्बर यांच्या काळापासूनच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर अद्याप मिळालेले नाही. ते मिळविण्यासाठी वेगवान संगणकांइतकीच काळजीपूर्वक ठेवलेल्या नोंदींची, स्वतंत्र पडताळणीची आणि रुग्णांच्या संमतीने केलेल्या चाचण्यांची आवश्यकता आहे.